मीटरविना मारबत

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत तीन वस्तू होत्या: चावी भरून चालवायचा एक जुना सिनेमा कॅमेरा, कातडी डबीतलं उजेड मोजायचं एक बिघडलेलं मीटर आणि शंभर फूट कोऱ्या फिल्मचा एक डबा. स्टेशनवरच्या तपासणीत शिपायाने तो डबा कानाशी धरून हलवला.

"यात काय आहे?"

"सिनेमाची फिल्म. त्या यंत्रातून नका घालू, खराब होते."

"अजून मिळते ही?"

"मिळते. पण माझ्याकडे एवढीच आहे."

त्याने डबा हातानेच पलीकडे दिला. गाडीत मी तो उशाशी घेऊन झोपलो.

नागपूरला माझं जाणंयेणं आहे, असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे एकतीस वर्षांत तीनदा गेलो, तिन्ही वेळा कुणाच्या तरी लग्नाला, आणि तिन्ही वेळा संध्याकाळच्या गाडीने परतलो. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी तिथे प्रताप नगरात गावंडेकाकांच्या घरी राहिलो होतो. काका वडिलांचे मित्र. आठवडाभर सरकारी कचेरी आणि सुटीच्या दिवशी खांद्याला हा कॅमेरा. त्यांनी मला घरातल्या मुलासारखं ठेवलं. फिल्म भरायला शिकवलं, लेन्स पुसायला शिकवलं, आणि मीटर सांभाळायचं काम माझ्याकडे दिलं. मी त्यांचं घर सोडताना कॅमेरा आणि मीटर दोन्ही मलाच देऊन टाकलं. लोक याला काकांची माया म्हणत. मीही म्हणू दिलं.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे आणि ते ऑपरेशन करू देत नाहीत. "म्हणतात, माहा डोळा तं मारबतीच्या त्या वर्षीच गेला, आता त्याले कल्हई करून काय फायदा," काकू म्हणाल्या. "तू सांगून पाह्य ना गा. तुह्यं ऐकतील."

त्या वर्षी काय झालं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. फोन ठेवला आणि तिकीट काढलं.

गाडी नागपुरात शिरली तेव्हा सकाळचं ऊन धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं. त्या दिवशी पोळा. ऑटोतून जाताना रस्त्याच्या कडेला लाकडी बैल मांडलेले दिसले, टाचेएवढ्यापासून कमरेएवढ्यापर्यंत. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला मुलं हेच बैल ओढत नेतात. शेजारी पळसाच्या डहाळ्यांचे भारे. या डहाळ्यांना इथे मेढे म्हणतात. पोळ्याला ते दाराशी ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या रोगराईसकट मारबतीबरोबर बाहेर काढायचे.

"पोळ्याले आले का?" ऑटोवाल्याने आरशातून विचारलं.

"मारबत बघायला."

"मंग उद्या लवकर निघजा. महालात पाय ठेवाले जागा राहत नाही. अन् खिसा सांभाळजा."

न पाहिलेल्यांसाठी सांगतो. मारबत म्हणजे बांबू, कापड, कागदाची भलीमोठी बाई. एक काळी, एक पिवळी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरातून, महाल-इतवारीच्या वस्त्यांतून, दोघींची मिरवणूक निघते. सोबत असतात बडगे, म्हणजे वर्षभरात ज्याने लोकांना पिडलं त्याची टिंगल करणारे पुतळे. सगळं गाव ओरडतं, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि शेवटी त्यांना जाळून टाकतात. काका दरवर्षी ही मिरवणूक फिल्मवर घेत. ते एक वर्ष येईपर्यंत.

धीर यावा म्हणून मी वाटेत तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो हरभऱ्याचा तिखट लाल रस्सा. पहिल्याच घासाला कानातून वाफ गेली आणि तर्रीचा मोठा थेंब पांढऱ्या शर्टाच्या खिशावर सांडला. मी पुसायला गेलो, तो डाग तळहाताएवढा झाला. पोहेवाला म्हणाला, "राहू द्या ना भाऊ. आता तुम्ही नागपूरचे दिसून राह्यले."

काका ओसरीत खुर्चीवर बसले होते. ऐंशी ओलांडलेले, काठी मांडीवर आडवी.

"कोण होय?"

"अवो, पुण्याचा पोट्टा आला," काकू आतून म्हणाल्या. पोट्टा म्हणजे मुलगा. मी बावन्न वर्षांचा आहे.

"पोट्टा? मले तं डोक्यावर नुसतं ऊन चमकताना दिसून राह्यलं," काका म्हणाले, आणि माझ्या टकलावरून हात फिरवून हसले.

मी कॅमेरा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठ्याने चावी शोधली, दोन फेरे दिले, कानाशी नेऊन बटण दाबलं. कॅमेरा गुरगुरला.

"स्प्रिंग चांगली आहे," ते म्हणाले. "पण मले काहून दाखवून राह्यला? डोळा नाही तं कॅमेरा काय कामाचा?"

काहून म्हणजे का. या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच मी आलो होतो, तरी मी आधी पाणी मागितलं. मग चहा घेतला. मग काकूंनी पुरणपोळीचं ताट वाढलं, आणि मला कळलं की हे जेवण जेवलो तर मी पुन्हा संध्याकाळची गाडी पकडेन.

मी मीटर डबीतून काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"काका, हे त्या मारबतीच्या आदल्या दिवशी माझ्या हातून जिन्यावर पडलं होतं."

मी सांगत गेलो. काच फुटली नव्हती. काटा हलत होता, पण घरात आणि उन्हात जवळजवळ सारखाच थांबत होता. ते मला कळलं होतं. परदेशातून मागवलेलं मीटर. मी घाबरलो आणि डबी बंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी महालात काका म्हणाले होते, "मले तं अकरा वाटून राह्यलं, अन् मीटर दोन-आठ सांगते." अकरा आणि दोन-आठ हे लेन्सच्या भोकाचे आकडे. आकडा मोठा तितकं भोक लहान. दोन-आठला अकरापेक्षा सोळा पट उजेड आत येतो.

"आणि तेव्हा मी तुम्हाला म्हणालो, काका, मीटर खोटं बोलत नाही, डोळा चुकतो."

धुऊन आलेली फिल्म पांढरी फटफटीत होती. काकांनी ती खिडकीशी धरली आणि म्हणाले, "डोळा गेला माहा." त्या फिल्मवर त्यांचे थोरले भाऊ होते, दौलतभाऊ. ते दरवर्षी स्वतःच्या हाताने बडग्या बांधायचे आणि त्याच्यापुढे नाचायचे. त्याच हिवाळ्यात ते गेले. त्यांचं दुसरं हलतं चित्र नाही.

"एकतीस वर्सं," काका म्हणाले. मीटर त्यांनी कानाशी हलवलं, खाली ठेवलं, आणि काठी टेकत आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवले नाहीत.

काकूंनी माझ्यापुढचं ताट उचललं नाही, पण तूपही वाढलं नाही. "त्या माणसानं दिवाळीचा फोटो काढणंसुद्धा सोडलं होतं गा," एवढंच म्हणाल्या. मी ती पुरणपोळी कोरडी खाल्ली. संध्याकाळी दाराशी मेढे ठेवताना त्यांनी मला हाक मारली नाही.

सकाळी मी पिशवी भरत होतो. ओसरीत काठीचा आवाज आला. काका पांढरी टोपी घालून उभे होते.

"फिल्म आणली का?"

"एकच डबा आहे."

"किती आकड्याची?"

"पन्नासची."

"बाहेर ये."

अंगणात त्यांनी काठी सरळ उभी धरली. "मले तोंडं ओळखू येत नाहीत. पण सावली दिसते. सावलीची कड पाह्य. चाकूनं कापल्यासारखी असली तं सोळा. कड फुसकी झाली तं अकरा. सावली आहे का नाही असा वाद घालावा लागला तं आठ. वादच मिटला, तं साडेपाच. अन् गल्लीच्या पोटात, जिथं ऊन शिरत नाही, तिथं चार. लिहून घेतलं का, इंजिनेर?"

हे गणित मी पुण्यात वाचून आलो होतो. कॅमेरा सेकंदाला चोवीस चित्रं काढतो तेव्हा प्रत्येक चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग येतो. फिल्म उजेडाला किती चटकन धरते त्याचा आकडाही पन्नास, म्हणून कडक उन्हात सोळा. पण पुस्तकात काठी नव्हती.

मी खिशातला फोन दाखवला. "यातही मीटर आहे. बरोबर ठेवू?"

"ठेव ना. तुह्या मशीनले बी मारबत पाहू दे."

काकू मेढे उचलून ओरडल्या, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आणि ते माझ्याच दिशेने फेकले. मग म्हणाल्या, "उन्हात यांचा हात सोडजो नको."

इतवारीच्या एका बोळात दौलतभाऊंचा मुलगा सुरेश बडग्याला शेवटची चिकटपट्टी लावत होता. आता तोही पन्नाशीचा. यंदाच्या बडग्याला डोक्याच्या जागी खाटेएवढा मोबाईल होता आणि मान इतकी वाकलेली की बांबूचा टेकू द्यावा लागला होता. काका म्हणाले, "सुऱ्या, याले तुले काहीतरी सांगाचं आहे," आणि बाजूला होऊन उभे राहिले. म्हणजे मला तिथेही सगळं सांगावं लागलं, चार पोरांच्या आणि ढोलवाल्याच्या देखत.

सुरेशने हातातली चिकटपट्टी गुंडाळून ठेवली.

"माह्या बापाची फिल्म तुम्ही घालवली?"

"हो."

"मंग आज माही नीट घ्या. नाही तं पुढच्या वर्षी बडग्या तुमचा करतो. टक्कल करणं सोपं आहे, मडकं पुरते."

ढोलवाला हसला. मी हसलो नाही, कॅमेऱ्याची चावी भरायला घेतली.

महालात ऑटोवाल्याचं म्हणणं खरं ठरलं. गच्च्या, खिडक्या, दुकानांच्या पायऱ्या, सगळीकडे माणसं. आभाळात ढगांचे तुकडे पळत होते, म्हणजे ऊन दर मिनिटाला बदलणार. एका ओट्याला पाठ लावून आम्ही जागा धरली. आधी काळी मारबत आली. भरधाव नाही, डुलत, माणसांच्या डोक्यांवरून, अंगावर काळं लुगडं, गळ्यात माळा. मी फोन समोर धरला. फोनने सांगितलं: चार.

"काका, फोन चार म्हणतो."

"कोणाकडं धरला?"

"मारबतीकडे."

"ती काळीच आहे ना बावा! तुह्या मशीनले वाटते अंधार पडला. तिच्याकडं नको पाहू. तिच्यावर जे ऊन पडून राह्यलं ते पाह्य." त्यांनी काठी टेकली. "कड फुसकी आहे. अकरा."

चार आणि अकरा. शंभर फुटांत पावणेतीन मिनिटं. चुकलं तर दुसरा डबा नाही, आणि काकांना दुसरं वर्ष मिळेल याचा भरवसा नाही. माझा अंगठा लेन्सच्या कड्यावर होता. सगळं शिक्षण मला चारकडे ओढत होतं. मी फोन खिशात टाकला, कडं अकरावर आणलं आणि बटण दाबलं.

पिवळी आली तेव्हा ऊन पूर्ण उघडलं. "हिले पाहून भोक आणखी बारीक करशील तू," काका म्हणाले. "करू नको. सोळा." मी सोळा केलं.

मग सुरेशचा बडग्या आला आणि गर्दीने आम्हाला ओट्यावरून उचलून रस्त्यात नेलं. काकांची काठी गेली. मी वळून पाहिलं तर ते माझ्या शर्टाला मागून धरून उभे, टोपी तिरपी.

"घरी जाऊ या का?"

"चावी भर!" ते ओरडले. "पुढं पाह्य. तुही पाठ पांढरी आहे."

मला आधी समजलं नाही. मग पाठीवर त्यांच्या बोटांचा हलका स्पर्श आला आणि गेला. माझ्या शर्टावर ते हाताची सावली पाडून बघत होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला. समोर सुरेश ढोलावर उसळला, दोन्ही हात वर, मागे मोबाईलचं डोकं डुलतंय.

"सोळा!" मागून आवाज. मग, "ढग आला. अकरा. आठ. धर, धर... आठच. फिरला, अकरा!"

मी आकडे फिरवत होतो, चावी भरत होतो, परत बटण दाबत होतो. काय दिसतंय याचा हिशेब माझ्याकडे नव्हताच. पंचवीस-तीस सेकंदांत स्प्रिंग संपायची, काकांचा आवाज संपत नव्हता. लोक "ईडा पीडा" ओरडत होते आणि त्यात ऐंशी वर्षांचा एक माणूस पाढे म्हटल्यासारखे आकडे ओरडत होता. शेवटी फिल्मचं टोक आत फटफटलं. मी कॅमेरा खाली घेतला. काकांचा चेहरा घामाने चकाकत होता.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"संपली."

"मंग उसाचा रस पाज."

फिल्म धुवायची भुकटी मी पुण्याहून आणली होती. काकूंनी न्हाणीघर दिलं, वर बजावलं की फरशी काळी झाली तर मलाच घासावी लागेल. दाराखाली टॉवेल कोंबून, अंधारात, एका बादलीतून दुसऱ्या बादलीत मी ती शंभर फुटं शेवयांसारखी ढवळली. ही उलट धुलाई असते, शेवटी निगेटिव्ह नाही, थेट खरं चित्र उरतं. बाहेरून काका दर मिनिटाला विचारत होते, "झालं का गा?" आणि काकू त्यांना म्हणत होत्या, "बाळंतपण आहे का ते?"

कपड्यांच्या दोरीवर फिल्म या खोलीतून त्या खोलीत लोंबली. मी दिव्यासमोर जायला धजत नव्हतो. काकूच गेल्या. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी एक तुकडा नाकाशी धरला.

"अवो," त्या म्हणाल्या, "सुऱ्या आहे! दात मोजून घ्या त्याचे."

दुसऱ्या दिवशी दुपारी खिडक्यांना चादरी लावल्या. सुरेशने माळ्यावरचा जुना प्रोजेक्टर काढून झटकला. काकांनी खुर्ची भिंतीपासून हातभर अंतरावर मांडायला लावली. बादलीच्या धुलाईचे ओरखडे होते, कडेला डाग होते. पण काळी मारबत काळा गोळा झाली नव्हती. तिच्या लुगड्याची प्रत्येक चुणी दिसत होती, माळेचा मणी न् मणी दिसत होता. पिवळीच्या नथीला उजेड होता. आणि मग भिंतभर सुरेश आला, आणि ढग आला तरी सुरेश बुडाला नाही, ऊन आलं तरी विरघळला नाही.

काका पुढे वाकले. भिंतीवर हात ठेवला. नाचणारा माणूस त्यांच्या बोटांवरून गेला.

"उजवा पाय आधी टाकते," ते म्हणाले. "दौलतभाऊसारखा."

"बाबांनंच शिकवलं ना," सुरेश म्हणाला.

पाच वेळा फिल्म लावली. पाचव्यांदा संपल्यावर भिंतीवर नुसता पांढरा चौकोन राहिला आणि कुणी दिवा बंद केला नाही. काका त्या पांढऱ्याकडे पाहत बसले.

"त्या वर्षी अकराच होतं," ते म्हणाले. आणि मग मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल असं, "अकराच होतं वं! म्यां सांगितलं होतं!"

काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "हो, हो. आता साऱ्या प्रताप नगराले सांगा."

निघताना मी कॅमेरा त्यांच्याकडेच ठेवला. त्यांनी तो घेतला, माफ केलं वगैरे काही म्हणाले नाहीत. मीटर मात्र माझ्या पिशवीत परत टाकलं. "हे तुह्यं आहे," म्हणाले. ते बरोबर आहे. ते माझंच आहे.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी संत्र्यांच्या बागांवरचं ऊन मोजत आलो. वर्ध्यापर्यंत अकरा, पुढे आठ. दौलतभाऊ परत येत नाहीत, हे मला माहीत आहे. त्या पांढऱ्या फिल्मवर कुठलीही धुलाई चालत नाही. प्रवासाला जाणारा माणूस तिकडून काहीतरी घेऊन येतो. मी या खेपेला एक ओझं तिथे जाऊन उघडून दाखवलं, त्यातलं जे काकांचं होतं ते त्यांना दिलं, आणि बाकीचं उचलून घरी आणलं. तरी पिशवी हलकी लागत होती, हे खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांनी काकूंचा फोन आला. ऑपरेशनची तारीख काकांनी स्वतः मागून घेतली होती. तपासताना डॉक्टरांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. काका म्हणाले, अक्षरं सोडा, तुमच्या खोलीत दोन-आठचासुद्धा उजेड नाही, पेशंट वाचणार काय? डॉक्टरांनी खरोखर बल्ब बदलला.

मागून काका ओरडले, "दे इकडं फोन." मग थेट कानात, "ऐकून राह्यला का गा?"

"हो काका."

"पुढच्या टायमाले काही पडलं, फुटलं, तं त्याच दिवशी सांगजो."